टिंब नसलेली चावी

प्रिय लंबू,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तीस वर्षं एकाच पाणीखात्यात काढली. रोज सकाळी तू नकाशाघराच्या भिंतीला सायकल टेकवायचास, मी खिडकीतून चहाचा ग्लास पुढे करायचो, त्यात पत्राची गरज कधी पडलीच नाही. आता तू निलंबित होऊन घरी बसला आहेस आणि मी दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत फिरलोय. सोमवारी तुझी चौकशी. तिथे तुझी नोकरी जाणार हे सगळं खातं आत्तापासूनच धरून चाललंय. बिचाऱ्याच्या निवृत्तीला आठच महिने उरले होते, असं म्हणायचं, जरा चुकचुकायचं आणि आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालायचं, एवढीच माणुसकी इथे शिल्लक आहे.

तू नाहीस तर इथलं काही बिघडलं असेल असं समजू नकोस. मोठ्या साहेबांच्या खोलीतला तो कॉम्प्युटरचा भिंतभर पडदा अजूनही हिरवागार आहे, म्हणजे शहरात सगळं आलबेल. खालच्या भागातली गल्ली पाण्याखाली होती त्या सकाळीही तो हिरवागारच होता, कारण तो दिवसातून एकदा, दुपारी जेवणानंतर ताजा होतो. पाहुणे आले की साहेब हातात छडी घेऊन उभे राहतात आणि सगळं शहर आता बोटाच्या टोकावर आलंय म्हणून सांगतात. हेच ते साहेब, ज्यांनी गेल्या वर्षी तुला विचारलं होतं की चावीला बटण कुठे असतं. नळवाहिनीचं पाणी बंद करायच्या, रस्त्यात पुरलेल्या, लोखंडी झाकणाखालच्या, अंगात दम असेल तरच फिरणाऱ्या चावीला बटण! तू तोंड फिरवून खोकल्याचं नाटक केलंस ते मला अजून आठवतं.

तक्रारींचं तर विचारूच नकोस. पूर्वी बायका खिडकीशी येऊन तोंडावर भांडायच्या, निदान कळायचं तरी की पाणी गढूळ आहे की येतच नाही. आता त्यांनी यादीतून तक्रार निवडायची. गढूळ पाणी यादीत नाही. ही यादी बनवणाऱ्या, खातं सुधारायला आलेल्या टायवाल्यांच्या गावी गढूळ पाणी येत नसावं. मग सगळी जनता ‘इतर’ निवडते आणि तीन दिवसांनी ती ‘इतर’ आपोआप निकाली निघते. कुणी चावीला हात लावायला नको की कुणी घराबाहेर पडायला नको. त्यावर साहेबांना वरून शाबासकीचं पत्रही आलं, ते चौकटीत घालून पडद्याशेजारी टांगलंय.

ते टायवाले आले तो दिवस तुला आठवत असेल. चौघे होते, चौघांचे बूट कोरे करकरीत. चिखलात पाय न घालता पाण्याचं खातं सुधारायला निघालेले उंटावरचे शहाणे. त्यांनी आधी काय केलं, तर माझं टेबल उचलून जिन्याखाली ठेवलं, कारण खिडकीजवळच्या उजेडात त्यांचं मशीन बसायचं होतं. नकाशेकार हे माझं पद गेलं आणि मी ‘माहिती सहायक’ झालो. सहायक कुणाचा, ते कुणी सांगितलं नाही. तीन दिवस आम्हाला शिकवायला एक पोरगेला माणूस यायचा. तो भिंतीवर चित्रं दाखवायचा, आम्ही अंधारात डुलक्या काढायचो, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना प्रावीण्याचं प्रमाणपत्र मिळालं. सगळ्यात मोठ्याने घोरणाऱ्या आवक-जावक कारकुनालाही मिळालं. माझं मी जिन्याखालच्या टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली घातलंय. तेवढा मात्र त्याचा उपयोग झाला.

आपली पद्धत त्यांना खेडवळ वाटली. वाटणारच. कापडावर शाईने काढलेला नकाशा, तो पुन्हा काढायचा तर महिना जाणार, आणि रस्ता रुंद झाला, गटार फिरलं, की चावी सरकायची. म्हणून आपण काय करायचो? नकाशात चावीच्या खुणेवर मी एक लाल टिंब द्यायचो. टिंब म्हणजे, इथे चावी नाही, खरी जागा लाल वहीत बघा. आणि लाल वहीतली जागा तुझ्या पावलांनी मोजलेली. बाकीच्यांची पावलं सकाळी लांब आणि जेवणानंतर आखूड पडायची, तुझी मात्र कधी वीतभरही चुकली नाहीत. सुटीच्या दिवशी आपण दोघं फिरायचो, तू पुढे पावलं मोजत, मी मागे वही घेऊन. शाळेच्या फाटकाच्या डाव्या खांबापासून अकरा पावलं, शिंपीणकाकूंच्या उंबऱ्याकडे तोंड करून. अशा तीनशे बारा नोंदी. त्या टिंबांवरूनच तुम्ही चावीवाल्यांनी मला टिंब्या म्हणायला सुरुवात केलीत आणि मी वरवर चिडायचो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एकच नियम सांगायचो, तो तुलाही सांगितला होता. टिंब असेल तर मला विचार. टिंब नसेल तर डोळे मिटून खण.

तू तेच केलंस.

त्या सकाळी खालच्या भागातली मोठी नळवाहिनी फुटली तेव्हा तुझं तिथे काही काम नव्हतं. जन्मभर तू वरच्या भागातला, तिथे तुला नकाशा उघडावाच लागायचा नाही. पण पाळ्या आता कॉम्प्युटर लावतो, आणि त्याने कुठल्याशा हिशेबाने तुला तिथे टाकलं होतं. तू फोनवर नकाशा उघडलास. चावी चौकात दाखवत होती, स्वच्छ, टिंब नसलेली. टिंब नाही म्हणजे जागा बरोबर, म्हणून तू मला फोनसुद्धा केला नाहीस. गुडघाभर पाण्यात उभा राहून दोन तास पहारीने चौक चाचपत राहिलास. पावणेदोन मिनिटांच्या अंतरावर, शाळेच्या फाटकापासून अकरा पावलांवर खरी चावी झाकणाखाली पडून होती. वीस वर्षांपूर्वी ती जागा तू स्वतःच मोजली होतीस. तीनशे बारा जागा कुणाच्या डोक्यात राहतात? त्यासाठीच तर वही होती. तोवर शिंपीणकाकूंची मागची भिंत बसली आणि त्यांचा खुबा मोडला. त्या अजून रुग्णालयातच आहेत. मी बघायला गेलो होतो. शिलाई मशीन भिजलं का, हे त्या मला पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

आता चौकशीच्या फाइलमध्ये काय आहे ते ऐक, मी वाचलंय. तुझ्या खिशातल्या फोनने नोंदवलंय की तू दोन तास दहा मिनिटं एकाच जागी होतास. त्यापुढे पिवळ्या रंगात ‘निष्क्रिय’. ज्या जागी त्यांनीच तुला पाठवलं, तिथे तू कमरेचे टाके ढिले होईतो राबलास, आणि त्यांच्या लेखी तू नुसता उभा होतास. हे वाचून मी इतका भडकलो की फाइल भिरकावून द्यावी असं वाटलं. मग ती नीट मिटून जागेवर ठेवली आणि जिन्याखाली जाऊन बसलो. कारण पुढचा प्रश्न त्या फाइलमध्ये कुणीच विचारलेला नाही. टिंब गेलं कुठे?

नकाशे मशीनमध्ये घालायच्या कामावर एक चष्मेवाली मुलगी होती, आठवते का? तिचीही मी टिंगल करायचो, ती कापडी नकाशे दोन्ही हातांवर अलगद घेऊन यायची म्हणून. आता लिहिताना कळतंय की त्या सगळ्या टोळीत नकाशाला नकाशासारखं धरणारी ती एकटीच होती. ती एके दिवशी जिन्याखाली आली, वाकून, कारण तिथे सरळ उभं राहता येत नाही, आणि तिने विचारलं की ही लाल टिंबं कसली. माझं टेबल हलवून तेव्हा आठवडा झाला होता. सकाळीच साहेबांनी मला चौघांसमोर जुनं सामान म्हटलं होतं, आणि टायवाले हसले होते. मी तिच्याकडे वरसुद्धा न बघता म्हणालो, शाईचे डाग आहेत. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. सगळे डाग अगदी चावीवरच कसे पडले, असं तिने विचारलं. बघ, तिला दिसत होतं. मी म्हणालो, पेन गळायचं. मग त्यांनी मशीनवर बसून तीनशे बाराच्या तीनशे बारा टिंबं पुसून काढली, आणि नकाशा कसा लख्ख दिसायला लागला म्हणून एकमेकांची पाठ थोपटली.

वही मी त्याच संध्याकाळी पिशवीत घालून घरी आणली आणि कपाटावर ठेवली. बायकोला सांगताना मला हसू आवरत नव्हतं. म्हटलं, अडेल तेव्हा येतील हात जोडून. ती हसली नाही. दोन वर्षं मी वाट बघितली. नाक घासत येणार ते साहेब, ते टायवाले, असं चित्र मी किती वेळा रंगवलं असेल. टायवाले केव्हाच गाशा गुंडाळून दुसरं शहर सुधारायला गेले. साहेबांचं कधी काही अडलंच नाही, कारण त्यांना कधी चावी शोधायची नव्हती. ती तुला शोधायची होती. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, आणि मी मात्र त्यांना दोन वर्षं मूर्ख म्हणत होतो. परवा वहिनी आमच्याकडे आल्या. चौकशी अधिकाऱ्याच्या ओळखीचं कुणी आहे का, विचारायला. त्या नेमक्या त्या कपाटाखालच्या खुर्चीत बसल्या. तू रात्रभर पुटपुटत असतोस म्हणाल्या, चौक तर बरोबर होता, टिंब नव्हतं. त्या गेल्यावर बायकोने स्टूल आणलं, कपाटापाशी ठेवलं आणि आत निघून गेली.

आज सकाळी मी लाल वही घेऊन चौकशी अधिकाऱ्याकडे गेलो आणि टिंबं कुणामुळे गेली ते माझ्या सहीने लिहून दिलं. डाग हा शब्दही तसाच लिहिला. सोमवारी ते तिथे मोठ्याने वाचतील. त्याआधी ते तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. माझ्यावर कारवाई होईल, ती होऊ दे. तू माफ करावंस असं मी म्हणणार नाही, तुझ्या जागी मी असतो तर केलं नसतं. मुलीचा पत्ता मिळाला तर तिलाही लिहीन. अधिकाऱ्याने वही बराच वेळ चाळली, मग चष्मा काढून विचारलं की यातलं एक पाऊल म्हणजे नेमके किती सेंटिमीटर. मी म्हणालो, ते शहरात एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि त्याला तुम्ही घरी बसवलंय. त्यांनी कागद पुढे केला. मी त्यावर तुझा पत्ता लिहून दिला.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
टिंब्या