तृप्तीसाठी लिहिलेलं भाषण

८ डिसेंबर, सोमवार
आजपासून शिस्त. सकाळी सहाला उठायचं, बाबांच्या लकवा मारलेल्या डाव्या हातापायाचा व्यायाम घ्यायचा. डॉक्टर म्हणाले, पोटभर खाल्लं आणि व्यायाम झाला तर उन्हाळ्यापर्यंत काठी धरून चालतील. उसाचा ट्रॅक्टर पुन्हा जमणार नाही, पण अंगणापर्यंत जातील. जबाबदारी माझीच, कारण कॉलेज मी बाबांसाठीच सोडलं. त्याच आठवड्यात सरांची कॉलर धरली होती, तो योगायोग.

९ डिसेंबर
उठायला साडेनऊ झाले. थंडी फार. व्यायाम आईने घेतला.
तृप्तीचा मेसेज. कॉलेज सुटल्यापासून पहिलाच. जालन्यात वादविवाद स्पर्धा आहे. विषय : इच्छामरणाला कायद्याने परवानगी असावी. चिठ्ठ्या टाकल्या, तिला 'बाजूने' आलं. तिचा स्पर्धेतला जोडीदार हरिओम विरोधात बोलणार. म्हणते, तू मस्त लिहायचास, जमलं तर बघ.
या विषयावर काल मला मत नव्हतं. आज ठाम आहे. बाजूने.

१० डिसेंबर
एका बैठकीत चार पानं. कोर्टाने बरा न होणाऱ्याचे उपचार थांबवायची मुभा दिलीय, तीही डॉक्टरांच्या मंडळांनी होकार दिल्यावर. मरणाचं इंजेक्शन मात्र गुन्हा. नळी काढलेली चालते, सुई चालत नाही, हा कुठला न्याय? इथे टाळ्या.
सगळ्यात भारी वाक्य : 'ज्याला घासही दुसऱ्याच्या हातून घ्यावा लागतो, त्याला जगवणं ही माया नाही, आपली भीती आहे.' उदाहरण शोधायला लांब जावं लागलं नाही.

११ डिसेंबर
कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, हे तृप्तीला लिहून कळणार नाही. म्हणून ऑडिओ क्लिप करतोय. आरसा पुढच्या खोलीतच आहे, बाबांची खाटही तिथेच. माझा नाइलाज. घासाचं वाक्य मनासारखं येईना, दुपारभर तेच म्हणत होतो.
आई म्हणाली, हळू बोल रे, ते ऐकून राह्यले. मी म्हणालो, झटका आल्यापासून त्यांना काय कळतंय. (सकाळी त्यांनी विचारलं होतं, कारखान्यावर उसाच्या किती गाड्या उभ्या हायत. ते वेगळं.)

१३ डिसेंबर, शनिवार
भाषण आणि क्लिपा पाठवल्या. तृप्तीने नुसतं हात जोडलेलं चिन्ह पाठवलं. भारावली असणार.
बाबांनी भाकरी नको म्हणून सांगितलं. पचन असेल. व्यायाम राहिला. बोलून बोलून माझा घसा बसलाय.

१५ डिसेंबर
हरिओमचा फोन. म्हणे, कल्याणशेठ, विरोधातला एखादा मुद्दा सांग ना. तुझ्या घरी पेशंट हाय, तुला काही तर वाटत असंल.
डोकं सटकलं. म्हणालो, विरोधात एकही मुद्दा नाही, एकही. मोबाइल आपटला. स्क्रीनला तडा गेला. पण मुद्दा पोचला.
बाबा नुसत्या पाण्यावर आहेत.

१७ डिसेंबर, बुधवार
आई चमचा नेते, बाबा भिंतीकडे तोंड करतात. आज ती रडली. का खात न्हाई, म्हणून विचारलं तर म्हणाले, पोराला विचार.
तिने मला विचारलं. मी म्हणालो, टॉनिक आणतो. तर म्हणते, टॉनिक ठेव तिकडं. त्या आरशासमोर दुसऱ्याच्या हातच्या घासाचं काय काय बोलला, आठव. तवापासून त्यांनी तोंड उघडलं न्हाई.
मी भडकलो. स्पर्धेचं भाषण आणि घरचं माणूस यातला फरक शहाण्या माणसाला कळायला पाहिजे. जेवायला बसलो नाही. तिने आग्रहही केला नाही.
डॉक्टर येऊन गेले. असंच चाललं तर अॅडमिट करा म्हणाले. बाहेर बूट घालताना मला हळूच विचारलं, मनाला काही लागलंय का यांच्या? मी म्हणालो, तसं काही नाही.

१९ डिसेंबर
आज स्वतःहून खाटेवर बसलो. समजावलं, बाबा, ते खरं नव्हतं, चिठ्ठीत ती बाजू आल्ती. दुसऱ्या बाजूनं बोलणारा पण एक जण आहे. बाबा जड जिभेने म्हणाले, निकाल कवा हाय? उद्या, म्हणालो. मंग बघू, म्हणाले. डाळीच्या पाण्याचे दोन चमचे घेतले.
मी मनावर घेतलं की होतं सगळं. उद्यापासून व्यायाम.

२० डिसेंबर, शनिवार
तृप्ती पहिली आली. माझं भाषण, माझे थांबे. हरिओमला नंबरच नाही.
संध्याकाळी तिचं स्टेटस बघितलं. हातात ट्रॉफी, खांद्यावर हरिओमचा हात. खाली त्याचेच आभार, बदामासकट. तडा नेमका तिच्या चेहऱ्यावरून जातो. स्पर्धेपुरतं असेल.

२१ डिसेंबर, रविवार
सकाळी उठलो. खरंच उठलो. पेज घेऊन बसलो. बाबा म्हणाले, कोण जिंकलं?
मी म्हणालो, विरोधातला.
बाबांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी मार्कं लपवली की असंच बघायचे. म्हणाले, खोटं बोलून राह्यला. चांगलं व्हतं भाषण तुझं. पटलं मला.
आणि तोंड भिंतीकडे.
हरिओमला फोन केला, विरोधात काय बोलला ते विचारायला. त्याने उचलला नाही. मग आरशासमोर उभा राहिलो. म्हणालो, बाबा, आता दुसरी बाजू ऐका.
त्यांनी मान वळवली. पुढचं वाक्य मला सुचून न्हाई राह्यलं. पेज गार झाली. आईने ती पुन्हा गरम करून आणली.
बाबा अजून माझ्याकडेच बघून राह्यले.