एकशे आठ पानांचा संकल्प

८ जुलै, मंगळवार
आले: ब्राउझर एक्स्टेन्शन, नग तीन. खर्च शून्य. सोबत सूनबाई देवश्रीचे उपदेश, तेही फुकट.

५ ऑगस्टला मंडळात मंगळागौरीच्या गाण्यांवर माझे भाषण. पंधरा मिनिटे. बेंगळुरूच्या या मंडळात सतरा वर्षे पुऱ्या लाटल्या, माईक पहिल्यांदाच हाती येतोय. नेटवर गाणे दिसले की बटण दाबायचे, पान थेट लॅपटॉपमधल्या वहीत. देवश्रीने एचएसआर लेआउटमधल्या तिच्या घरून येऊन तिन्ही लावून दिली. म्हणाली, आई, यातले एक निवडा.

९ जुलै
पारख केली. पहिले पैसे मागते. बाद. दुसरे माझा फोन नंबर मागते. परक्याला? बाद. तिसरे काहीच मागत नाही, शिवाय चिन्ह भगवे. पसंत! देवश्री म्हणे, फुकटात किती पाने राहतात ते खाली बारीक अक्षरात आहे, वाचून घ्या. वाचेन. चष्म्याचा नंबर बदलायचाय.

१० जुलै, गुरुपौर्णिमा
संकल्प केला. स्नानानंतर रोज सहा पाने, अठरा दिवसांत एकशे आठ. उद्यापन श्रावणी सोमवारी. तोवर वही उघडायची नाही. व्रत चालू असताना फळाची चौकशी करू नये.

१४ जुलै
हाताने लिहिलेली गाण्यांची जुनी वही आता काय कामाची? बेळगावला बहिणीला, नयनाला पाठवून दिली. मागची पाने कोरी आहेत, वाणसामान लिहायला होतील. सोबत चिठ्ठी: आता तूही सुधार.

१८ जुलै
नयनाचा फोन. म्हणाली, अक्का, आईने सांगितलेली गाणी आहेत गं यात, तिच्या खुणांसकट! म्हटले, संशोधनात असे भावुक होऊन चालत नाही. तिने फोन ठेवला. धाकटी आहे.

२१ जुलै
हे म्हणाले, एकदा उघडून तरी बघ. निवृत्त इंजिनियर, जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांत खोड्या काढल्या. म्हटले, कुकर सारखा उघडला तर भात शिजेल का? पेपर वाचायला गेले. पटले असणार.

२७ जुलै, रविवार
पंच्याऐंशी झाली. मध्ये पाहुणे, मग एकादशी. तेवीस कमी, आणि आजच पुरी करायची! नवे गाणे सापडेना. समोर होते त्याच पानावर तेवीस वेळा बटण दाबले. जपातही नाव एकच असते, देव काही तक्रार करत नाही. एकशे आठ पूर्ण.

२८ जुलै, श्रावणी सोमवार
सकाळी लॅपटॉपला हळदकुंकू. साखरेचा नैवेद्य. वही उघडली.

पाने वीस. वीसही एकच: "मंगळागौरीसाठी नऊवारी साड्या भाड्याने मिळतील."

देवश्रीला फोन. म्हणाली, आई, फुकटात शेवटची वीसच राहतात, आधीची आपोआप पुसली जातात. बारीक अक्षर. म्हटले, भरते पैसे. म्हणाली, गेलेली येत नाहीत आता. हे खोलीत येऊन गेले. काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

दुपारी
नयनाला फोन करायला तोंड नाही. कार्ड लिहिले, मजकूर इथे उतरून ठेवते:

चि. नयनास अनेक आशीर्वाद. येथे सर्व क्षेम. भाषणाच्या पडताळणीसाठी ती वही सहज एकदा चाळावी म्हणते. आईची पाने फाडली नसशील तर लगेच स्पीड पोस्टने पाठव. फाडली असशील तर निदान तुला पाठ असतील तेवढी गाणी लिहून धाड. मागची कोरी पाने तुझीच. उलट टपाली कळव.