मीटर नसलेल्या ओळी

८ सप्टेंबर
एकावन्न गावं! नदीकाठच्या एकावन्न गावांतून रोज सकाळी ऑफिसच्या नंबरवर मेसेज येतात — मापपट्टीवर पाणी किती मीटर आहे ते. सगळे वाचायचे, आकडा उचलायचा, तक्त्यात टाकायचा आणि नऊच्या आत वरच्या साहेबांकडे पाठवायचा. कुठलं गाव हलवायचं ते त्यावरून ठरतं म्हणे. आणि मधेमधे फुलं, गुड मॉर्निंग, जय भीम, राम राम, कुणाच्या तरी नातवाचं बारसं! डोळे फुटायची वेळ आली. दत्तराव सर नुसते खुर्चीत बसून घड्याळ बघतात.
दुपारी इंटरनेटवर कॉम्प्युटरवाल्यांच्या एका फोरमवर मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे आकडे आपोआप उचलता येतील का? वीस मिनिटांत उत्तर! त्या माणसाने नाव लावलंय 'ओल्ड केटल'. मी त्याला किटलीवाला म्हणणार.

९ सप्टेंबर
किटलीवाल्याने एका ओळीची स्क्रिप्ट दिली, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायचा छोटासा हुकूम. ज्या मेसेजमध्ये आकडा आणि पुढे मीटर, तेवढाच उचलायचा. दोन तासांचं काम चार मिनिटांत! सर म्हणाले, "सुकेशनी, लय भारी केलीस की! कुठं शिकलीस गं?" किटलीवाल्याचं नाव कशाला सांगू? तो काय इथं बघायला येणार आहे?
त्याने एवढंच विचारलं — ज्या ओळीत मीटर नाही, तिचं काय करायचं? मी लिहिलं, फेकून दे.

११ सप्टेंबर
चार मिनिटं. मग चहा. वा!

१३ सप्टेंबर
सर चिडले. तीन गावांतून मेसेजच आला नाही, तक्त्यात तीन जागा रिकाम्या. "वर पाठवायचा तक्ता हाय, त्यात भोकं दिसाय नकोत." किटलीवाल्याला लिहिलं, आकडा नसेल तिथे कालचाच भरू दे. त्याने करून दिलं, पण खाली लिहिलं — मग आकडा आला नाही हे तुम्हाला कळणार कसं? फेकलेल्या ओळी निदान वेगळ्या फाईलमध्ये ठेवा. रोज एकदा वाचा.
असा राग आला! साता समुद्रापलीकडे बसून हा मला आमची माणसं शिकवणार. रोज गुलाबाची फुलं वाचत बसू का? फाईल मात्र करून घेतली. उगाच वाद नको.

१६ सप्टेंबर
वरच्या भागात सारखा पाऊस आहे म्हणे. इथे परभणीत नुसतं मळभ. आश्रुबामामाचा फोन आला. आईचा भाऊ. सोनपेठच्या पुढे नदीकाठी घाटालगतच्या वस्तीवर राहतो, तिथली पट्टी तोच बघतो. हे काम त्याला मीच लावून दिलं.
"सुके, म्या धाडलेलं वाचायलीस न्हवं?"
समोर सर उभे. म्हटलं, "वाचते मामा, सगळं वाचते. ठेवू का?"
"मग बिनघोर झालो बग. वस्तीवरले समदे मलाच इचारायलेत."
अगदी खोटं नाही बोलले. तक्ता तर बघतेच की!

१८ सप्टेंबर
पाणी स्थिर. सरांनी वर कळवलं, काळजीचं कारण नाही.
पण टपरीवर सोनपेठच्या एसटीतून उतरलेला एक माणूस सांगत होता, "नदी काय फुगलीय! बगवत न्हाई." परत येऊन तक्ता बघितला. मामाचा घाट — ६.८० मीटर. कालही ६.८०. परवाही. स्थिरच आहे ना? मग मला का भीती वाटतेय?

१९ सप्टेंबर, सकाळी १०
नऊला तक्ता गेला. मग किटलीवाल्याला दाखवला — बघ, तुझी स्क्रिप्ट किती छान चालते. त्याचं उत्तर लगेच आलं. अकरा गावांचा आकडा इतके दिवस तोच कसा? नदी अशी वागते का? ती पट्टी उंच किती आहे?
पट्टी! घाटावरची पट्टी सात मीटरची. पाणी तिच्यावर गेलं की वाचायला काही उरतच नाही. मग माणसं मीटर लिहिणार कुठून?
फेकलेल्या ओळींची फाईल उघडली. फुलं. फुलं. राम राम. मग मामा, सतरा तारीख, सकाळ — "पट्टी बुडाली. आता घाटाच्या पायऱ्या मोजायलो. वर नऊ हायत." त्याच दिवशी संध्याकाळी — "सहा राहिल्या." अठरा तारीख — "तीन. काय करावं ते सांगा."
आणि दुसऱ्या गावांचेही असेच. एकाचं लिहिलेलं, "पारापाशी आलं." मी किंचाळलेच. सर वर फोन लावतायत, लागत नाही. मामाचा फोन बंद. पुन्हा लावला. बंद.

१९ सप्टेंबर, १०.४०
खाली मामाची अजून एक ओळ होती. आजची, सकाळी सहा बावीसची. "लोक सामान बांधायलते. म्याच थांबिवलं. म्हनलं, माझी भाची समदं वाचायली, काय असतं तर तिनं सांगितलं असतं."