घर, कचेरी आणि अकरा शेळ्या

॥ श्री ॥

हिंगोली,
२६ सप्टेंबर १९९९

तीर्थरूप मामांच्या चरणी शिवहारचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

जिल्हा नवा झाला, माझी परभणीहून इथल्या कचेरीत बदली झाली, हे आपणांस ठाऊकच आहे. अजून भाड्याच्या एका खोलीत आहोत. आता घरासाठी ऑफिसचं कर्ज मंजूर झालं आहे आणि घर घ्यायचं ठरलं आहे. कोणतं, तिथं गाडी अडली आहे.

आबांना जाऊन वर्ष झालं. आई पुसेगावात एकटी, आणि तिच्या अकरा शेळ्या. गेल्या महिन्यात ती ओढ्याच्या काठी घसरून पडली. गुडघा इतका सुजला की उठता येईना. दोन तास तिथंच बसून होती. शेळ्या तिला सोडून गेल्या नाहीत, म्हणून शेजारच्या जळबाकाकांना लांबून दिसलं तरी. त्यांनी बाजेवर घालून घरी आणलं. मी धावत गेलो, म्हटलं आता इथं राहायचं नाही. ती म्हणाली, शेळ्या येतील तिथं मी येईन. त्याच्या पुढं ती बोलतच नाही.

दोन घरं पाहिली आहेत. एक इथंच, स्टेशनच्या मागं. ऑफिस जवळ, पण जागा लहान. दुसरं नरसीला, गावाच्या कडेला. मोठं, आड आहे, गोठा आहे. पण रोज एसटीनं जाणं-येणं. सुकन्याला पहिलं बरं वाटतं, मला आईसाठी दुसरं. नरसीवाल्याला दिवाळीच्या पाडव्याला इसार हवा आहे. आपण दोन्ही घरं डोळ्यांखालून घालावीत आणि काय ते सांगावं. आईनं ऐकलं तर ती आपलंच ऐकते.

मामींना नमस्कार. आपल्या आशीर्वादाची वाट पाहतो.

आपला भाचा,
शिवहार


॥ श्री ॥

कळमनुरी,
९ ऑक्टोबर १९९९

चि. शिवहार व चि. सौ. सुकन्या यांस संतराममामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. चि. राधिकेस पापा.

पत्र वाचून धन्य झालो. संस्कृतच्या मास्तराला लोक बारशाचं नाव विचारतात, पत्रिकेवरचा श्लोक विचारतात. नळाला पाणी येतं का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा काम मनावर घेतलं. शाळेतून दोन दिवसांची किरकोळ रजा काढली. कारणाच्या रकान्यात 'वास्तुचिंतन' लिहिलं. मुख्याध्यापकांना मी आजारी आहे असं वाटलं आणि त्यांनी चटकन सही केली.

स्टेशनमागचं घर: खोल्या दोन. एकीत शिंक आली तर दुसरीतल्यानं 'शतं जीव' म्हणावं, इतक्या लगत. मोरी, संडास आत. नळाला एक दिवसाआड पाणी. तिथून तुझ्या कचेरीपर्यंत मी घड्याळ लावून चाललो: दहा मिनिटं. वाटेत एक जुना विद्यार्थी पाया पडला, ती मिनिटं वजा केली आहेत. अंगणात चार बाजा टाकल्या की पाचव्या पाहुण्यानं उभंच राहावं.

नरसीचं घर: खोल्या चार, दारात कडुनिंब, आडाला बारमाही पाणी, आणि गोठा! फरशी घातलेला, वर पत्रे, कोपऱ्यात दगडी डोणी. इतका स्वच्छ की मला तिथं नववीचा वर्ग भरवावासा वाटला. माझ्या वर्गापेक्षा उजेडही जास्त आहे. आता रस्ता. साध्या बुधवारी एसटीनं पन्नास मिनिटं घेतली. एकादशीला नामदेवरायांच्या दर्शनाची गर्दी, तेव्हा दीड तास. त्या दिवशी मी एका पायावर उभा होतो. दुसरा पाय कुणाच्या तरी टोपलीत होता आणि टोपलीवाली बाई तो काढू देईना, खालची केळी दबतील म्हणून. भावसिंग कंडक्टर पुढं सरका म्हणत होता. पुढं फक्त काच होती.

तरीही माझं मत नरसीच्या बाजूचं आहे. तू चौतिशीचा आहेस. एसटीतलं उभं राहणं अंगाला सोसेल. अक्कानं ओढ्याकाठी दोन तास एकटं बसणं मला सोसणार नाही. शेळ्यांना काय लागतं ते मात्र मला विचार. पाठशाळेत जाण्याआधी मी दहा वर्षांचा होईपर्यंत अक्काबरोबर त्यांच्या मागंच होतो, आणि नंतरही सुट्टीत 'अजा, अजे, अजाः' त्यांच्याच पाठीशी घोकलं. सावली, पाणी आणि कोरडी जमीन. तिन्ही तिथं आहेत. पाडव्याला इसार देऊन टाक.

सुकन्येची समजूत तू काढ. मला तिची भीती वाटते.

इथं सर्व क्षेम. आमच्यावरचा लोभ घराच्या आकाराप्रमाणे वाढता ठेवा.

तुझा मामा,
संतराम


हिंगोली,
१६ ऑक्टोबर १९९९

ती. मामांस सौ. सुकन्याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

माझी भीती वाटते असं आपण लिहिलंत, आणि यांनी ते मला दोनदा वाचून दाखवलं. आपली केळ्यांची गोष्ट मात्र राधिकेला फार आवडली. ती आता एका पायावर उभी राहून, मी मामाआजोबा झाले, म्हणते.

माझं म्हणणं हट्टाचं नव्हतं. परभणीला असताना हे एक वर्ष जिंतूरहून जाणं-येणं करत होते. तेव्हा राधिका तान्ही होती. हे निघत तेव्हा ती झोपलेली, येत तेव्हा झोपलेली. एका रविवारी तिनं यांना पाहून रडायला सुरुवात केली, अनोळखी माणूस समजून. हे हसले, पण मग जेवले नाहीत. नरसीला गेलो तर तसंच होणार. आत्याबाई लेकाजवळ राहायला येणार आणि लेक एसटीत.

पण त्या ओढ्याकाठी बसल्या होत्या ते ऐकल्यापासून माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही. शेळ्या नकोत असं म्हटलं तर त्या तिथंच राहतील. तेव्हा नरसी तर नरसी. मी रुसलेली नाही, एवढं आपल्याला कळावं म्हणून हे पत्र.

पुढच्या आठवड्यात आत्याबाई गुडघा दाखवायला इथं येणार आहेत. मामींना नमस्कार. लेकीसारखा लोभ आहे तो तसाच राहू द्यावा.

आपली,
सुकन्या


पुसेगाव,
२७ ऑक्टोबर १९९९

संत्या, तुला अक्काचा आशीर्वाद. हरिचंद पोस्टमन लिहून राहिला. पन्नाशीच्या मास्तरला संत्या म्हनले म्हनून हासून राहिला. हासू दे. मी बोलते तसंच लिव म्हनले त्याला.

शिवहारनं नरसीचं घर सांगतलं. गोठ्याचं सांगताना लेकराचं तोंड असं फुललं का मी काही बोललेच न्हाई. पर जीवाला राहवंना. शुक्रवारी बसनं नरसीला गेले, कोनाला न सांगता. त्या घराच्या शेजारी रुख्मिणीबाई राहते, आपल्यातलीच हाय. तिच्या ओट्यावर सकाळधरून बसले, म्हनलं शेळ्या कोनीकडं जातात ते पाहावं. त्या आळीतून एक शेळी निघाली न्हाई. काहून म्हनलं. तर ती म्हने, चारी अंगानं लोकायची शेतं, तारा ठोकलेल्या. चरायचं तर नदीपल्याड. जायाला तास, यायाला तास. पावसाळ्यात पानी आलं का शेळ्या तिकडं आन् मानूस इकडं. तिनं तिच्या शेळ्या इकल्या. तुला आवडला तो गोठा चार साल रिकामा हाय, म्हनून चकचकीत हाय, बावळ्या.

तू शिवहारची वाट घड्याळ लावून मोजली. सुकन्याला पानी किती लांब ते पाह्यलं. माही वाट काहून मोजली न्हाई? मी बी रोज जाते आन् येते. मला बी तकलीफ होते. माही ड्युटी न्हाई का?

मंग सोमवारी गुडघा दाखवाया हिंगोलीला गेले. सुकन्यानं जाता जाता ते स्टेशनाचं घर दाखवलं. ती आतून मोरी दाखवू लागली, मी मागं गेले. भिंतीमागं रुळाची पडीक जागा हाय. फाटकावरून वळसा घातला का पाच मिन्टं. बाभळीच बाभळी, शेंगांचा खच. दोघी बाया चारून राहिल्या होत्या. गाड्या कवा येतात, कोनत्या वक्ताला शेळ्या वर काढायच्या, सगळं इचारून घेतलं.

तितं अंगन लहान हाय. अकरा मावत न्हाईत. चार बराबर मावतात. सात जळबाभाऊजीला देते. चार कोनत्या ठेवायच्या ते माहं मी पाहीन, तुमी कोनी मधी बोलू नका.

शिवहारला तू सांग. माह्यानं लेकराच्या तोंडावर सांगवत न्हाई. तुला राग आला तर चालते, तुला मी वाढवलं.

अक्का

ता. क. लिहिणाऱ्याचा नमस्कार, सर. बाई बोलल्या तसं लिहिलं आहे, बावळ्यासकट. सात शेळ्यांच्या ओळीपाशी बाई उठल्या आणि चहा टाकला. मी चहा घेतला, मग पुढचं लिहिलं. – हरिचंद


॥ श्री ॥

कळमनुरी,
३१ ऑक्टोबर १९९९

चि. शिवहार व चि. सौ. सुकन्या यांस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर इसार देऊ नको एवढंच सांगितलं आणि ठेवला. कारण सांगितलं नाही. बूथवाला माझा विद्यार्थी आहे. त्याच्यादेखत बावळा ठरायचं नव्हतं. सोबत अक्काचं पत्र जोडलं आहे. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? आता ऐका. स्टेशनमागची ती बाभळीची जागा मीही पाहिली होती. काट्यात धोतर अडकलं, ते सोडवलं आणि नाक मुरडून पुढं गेलो. कागदावर लिहिण्याजोगी वाटली नाही. सावली, पाणी, कोरडी जमीन असं मी ऐटीत लिहिलं. शेळी खाते, हे मी विसरलो. शिवहार, तूही विसरलास. आणि तू तर गेल्या मे महिन्यापर्यंत त्यांचं दूध पिऊन येत होतास. आपण दोघंही त्यांच्याच जिवावर शाळेत गेलो. अक्का सकाळी त्यांना घेऊन निघायची, म्हणून आपल्याला पाटी घेऊन निघता आलं. इतकी वर्षं ती रोज जाऊन-येऊन होती आणि तिच्या वाटेचं अंतर आपण कधी मोजलंच नाही.

तुला वाईट वाटेल, की आईनं मला सांगितलं, तुला नाही. वाटू दे, पण तिला दाखवू नकोस. तिला तुझ्या आनंदावर पाणी ओतायचं नव्हतं, आणि त्यापायी ती नदीपल्याड तासभर चालायलाही तयार झाली असती.

स्टेशनचं घर घ्या. लहान आहे, ते मी आता दोष म्हणून सांगणार नाही; माझ्या दोषनिवडीचा भरवसा उरलेला नाही. सात शेळ्यांविषयी तिच्याशी वाद घालू नका, कनवाळूपणानंही नको. ती देते म्हणाली तर द्यायला जळबांकडे तू सोबत जा, आणि गप्प उभा राहा.

सुकन्ये, तू पहिल्यापासून बरोबर होतीस. हे वाक्य मी फार लोकांना लिहिलेलं नाही, जपून ठेव.

या बावळ्यावर पूर्ववत माया करावी, एवढीच विनंती.

तुमचा,
संतराममामा


हिंगोली,
२३ जानेवारी २०००

ती. मामांस व मामींस सौ. सुकन्याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

घर लागलं. खोल्या दोन, माणसं चार, अंगणात शेळ्या चार. आपण म्हणालात तशी शिंक खरंच दुसऱ्या खोलीत ऐकू येते, आणि आत्याबाई तिकडून विचारतात, कोन रे ते, सुंठ देऊ का.

सात शेळ्या दिल्या त्या दिवशी हे सोबत गेले होते. घरी आल्यावर आत्याबाईंनी चौघींना पाला टाकला आणि माझ्याकडं भाकर मागितली. तेव्हा मला वाटलं, राहतील.

राहिल्या. गुडघा अजून दुखतो, पण पल्ला लहान आहे. मधूनच रुळाकडच्या दोघी बाया दारात येऊन हाक मारतात, आत्याबाई चला. तिसऱ्या आठवड्यातच आळीतल्या निम्म्या बायका त्यांना ओळखू लागल्या. मला त्या भाड्याच्या खोलीच्या आळीत चार महिन्यांत दोघी ओळखत होत्या.

शेळ्या दव वाळल्यावर काढायच्या, म्हणजे दहाच्या सुमाराला. यांचं ऑफिस साडेदहाचं. घरातून बाहेर पडलं की ऑफिस डाव्या हाताला आणि फाटक उजव्या. पहिल्या दिवशी हे म्हणाले, आईला रस्त्याची सवय नाही, फाटकापर्यंत सोडून येतो. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले. आता म्हणत नाहीत, दहा वाजता चप्पल घालतात. इस्त्रीचा शर्ट, काखेत फायलींची पिशवी, हातात बाभळीची फोक. मागं आत्याबाई, आपल्या चालीनं. ऑफिसातल्या उत्तमसिंगांनी पाहिलं आणि साहेबांना सांगितलं. साहेबांनी फक्त दूध मिळेल का, एवढं विचारलं.

काल मी दारातून पाहत होते. फाटक बंद होतं, मालगाडी जात होती. हे आणि आत्याबाई चार शेळ्या घेऊन थांबलेले. काय बोलत होते ते ऐकू येत नव्हतं, पण आत्याबाई हात हलवून काही सांगत होत्या आणि हे हसत होते. गाडी गेली, फाटक उघडलं, तरी दोघं तिथंच उभे होते. शेळ्या आपल्या आपण पुढं निघाल्या.

आपण घड्याळ लावून मोजलंत ते बरोबर होतं, मामा. ऑफिसची वाट दहा मिनिटांचीच आहे. यांना रोज अर्धा तास लागतो.

मामींना घेऊन या. दोन खोल्यांत तुम्ही दोघं मावाल. न मावलात तर आपल्याला उभं राहायचा सराव आहेच. येईपर्यंत मायेचं पत्र येऊ द्यावं.

आपली,
सुकन्या