अकराशे चाळीस शिपाई आणि अठरा पानी नियम

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंद्याने घड्याळजी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत व स्वहस्ते लिहीत आहे. हात थरथरत नाही. शंका असल्यास माझ्या शिशाच्या निळ्या शिपायांच्या कोटावरची बटणे भिंगाखाली पाहावीत. ती गेल्याच महिन्यात रंगवली आहेत.

१. राहते घर पत्नीचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये. ज्या टेबलावर मी तीस वर्षे दर रविवारी रणांगण मांडले, तेही तिचेच. "रविवारी आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवायचो," असे ती पाहुण्यांना सांगते. ते खरे आहे.

२. दुकान, लेथ, चिमटे व भिंगे मुलाची. धंदा तो माझ्यापेक्षा चांगला करतो. त्याने सासरच्या माणसांसमोर माझ्या फौजेला 'खेळणी' म्हटले होते, ते मी माफ केले आहे. मात्र आठवण म्हणून त्याला अर्धे शिपाई हवे आहेत, ते मिळणार नाहीत. अर्धी फौज ही फौज नव्हे.

३. नेपोलियनच्या काळातल्या दोन्ही फौजा, निळी व लाल, मिळून अकराशे चाळीस शिशाचे शिपाई, घोडे व तोफांसह मुलीला द्यावेत. कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून वाद नको.

अशा फौजांच्या लढाया खेळणाऱ्या आमच्या रविवारच्या मंडळाला एकच नियमावली निवडायची होती. माझा मित्र, शाळेचा ग्रंथपाल, याला सगळे कॅप्टन म्हणतात. सैन्यात तो एक दिवसही नव्हता. त्याला तीनशे बारा पानांचे पुस्तक हवे होते. त्यात वारा, चिखल, बंदुकीची ओली दारू, सगळे धरलेले. त्या नियमांनी एक लढाई चार रविवार चालली आणि माझे पायदळ ओढासुद्धा ओलांडू शकले नाही. मला बारा पानांचे हवे होते: फासा टाका, पुढे चला.

"तुला इतिहास नको, सापशिडी हवी," कॅप्टन म्हणाला.

"आणि तुला लढाई नको, वाचनालय हवं," मी म्हणालो.

मंडळ मोडले; रविवारी मी एकटाच दोन्ही बाजूंनी लढू लागलो. अकरा वर्षे आम्ही एकमेकांचे तोंड पाहिले नाही.

मुलगी अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात काम करते. एके दिवशी तिने स्वतः लिहिलेली अठरा पाने माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "बाबा, सेनापतीला सगळं लगेच कळतं, असं तुमची दोन्ही पुस्तकं धरून चालतात. आमच्याकडे निरोप पोचेपर्यंत आग वरच्या मजल्यावर गेलेली असते." तिच्या नियमांत हुकूम चिठ्ठीवर लिहायचा, आणि चिठ्ठी पोचायला वेळ लागणार.

रविवारी दार उघडले तर कॅप्टन उभा. तिनेच बोलावले होते, मला न सांगता. आम्ही फौजा मांडल्या. माझ्या घोडदळाला मी 'थांबा' लिहिले. चिठ्ठी दोन डाव उशिरा पोचली, तोवर घोडे त्याच्या तोफांपुढे. तीन तासांत मी हरलो.

कॅप्टन घाम पुसत म्हणाला, "पोरीने दोघांनाही गारद केलं रे!"

हरल्याचा इतका अभिमान मला पुन्हा कधी वाटला नाही. आज आठ गावांतली मंडळे तिच्या नियमांनी खेळतात.

४. जाड पुस्तकाची माझी प्रत, समासातल्या शिव्यांसह, कॅप्टनला द्यायची होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. साक्ष की पुस्तक, एक निवडा. कॅप्टन म्हणाला, "पुस्तक राहू दे. तुझं डोकं ठिकाणावर आहे, असं लिहून द्यायची वेळ माझ्यावर पुन्हा थोडीच येणार आहे!" प्रत शाळेच्या ग्रंथालयास द्यावी.

५. फौज काचेच्या कपाटात ठेवू नये. ती लढवावी, संगिनी मोडल्या तर चिकटवाव्यात. पुढे नियम कोणते, हे फक्त मुलगीच ठरवील. उद्या तिने आपली अठरा पाने फाडून नवी लिहिली, तरी कोणी माझे नाव पुढे करून तिला अडवू नये.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: १४ मार्च, रविवार

(सही) घड्याळजी

त्यांनी आमच्यादेखत वाचून सही केली; आम्ही त्यांच्यादेखत केली.
साक्षीदार १: (सही) कॅप्टन, निवृत्त ग्रंथपाल
साक्षीदार २: (सही) शेजारच्या शिंपीणबाई