खोलीची शांतता

१ डिसेंबर, सोमवार

आज नाशिकला आलो. सटाण्याहून एसटीत खिडकी मिळाली, हाच मोठा शकुन. स्टँडवर स्वराज मोटारसायकल घेऊन उभा होता. माझी वळकटी, कपड्यांची पिशवी आणि मायने दिलेला चटणीचा डबा त्याने एकाच फेरीत नेला. वर म्हणाला, एवढं सामान तर नवरीसुद्धा आणत नाही. त्याची खोली अंबडला आहे, मीही तिथेच राहणार. कामाची जागा गंगापूर रोडला, चपलांच्या दुकानाच्या वर.

काम मला फार आवडलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, छोट्या रेकॉर्डरवर त्यांच्या आठवणी घ्यायच्या, ऑफिसात आणून आवाज साफ करायचा आणि परगावच्या मुलानातवंडांना पाठवायचा. मालकीण मोहिनी मॅडम. त्यांनी शिक्षण विचारलं तेव्हा कान तापले. बारावी इंग्रजीत गेली ती गेलीच. त्या म्हणाल्या, इथे कान लागतात, मार्कशीट नाही.

हे काम स्वराजमुळे मिळालं. तो आमच्याच गावचा. त्याची आई तो लहान असताना गेली, म्हणून तो आमच्याकडेच जेवून मोठा झाला. आवाज जन्माचा फाटका. शाळेत त्याला भोंगा म्हणत. मायला बऱ्याच वर्षांपासून दिसत नाही, ती माणूस आवाजावर ओळखते. स्वराज दारात आला की आमच्या अहिराणीत म्हणायची, तुना आवाज शे का पत्रा? म्हणजे, तुझा आवाज आहे की पत्रा? आम्ही सगळे हसायचो. तोही हसायचा.

संध्याकाळी मायला फोन केला. ती मळ्यात एकटीच असते, रोज माझ्या आवाजाची वाट बघते. पहिला प्रश्न ठरलेला. जेवना का रे दिन्या? जेवलास का.

२ डिसेंबर, मंगळवार

स्वराज चांगला शिकवतो. कुठेही गेलं की आधी सगळ्यांना गप्प बसवायचं आणि रिकाम्या खोलीचा आवाज घ्यायचा. याला इथे ‘खोलीची शांतता’ म्हणतात. त्यात पंखा, फ्रीज, रस्ता असं सगळं येतं. ऑफिसात कॉम्प्युटरला तो तुकडा दाखवायचा आणि सांगायचं, हा नको असलेला आवाज. मग तो नेमका तेवढा सगळीकडून काढून टाकतो. एक काळजी घ्यायची. त्या शांततेत कोणी बोललं, तर कॉम्प्युटर त्या माणसालाच कचरा समजतो आणि पुढे त्याचं बोलणंही कातरतो.

दुपारी स्वराजने रेकॉर्डर माझ्यासमोर ठेवून मला पेपर वाचायला लावला. नवीन माणसाच्या आवाजाचा नमुना घेऊन ठेवावा लागतो म्हणे. मी अर्धा तास वाचलं, कांद्याच्या भावासकट. तो कानाला हेडफोन लावून डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, काय मोकळा गळा दिलाय रे देवाने तुला. मला बरं वाटलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

आतापर्यंत सापडलेले दोष लिहून ठेवतो. टेबलावर मोबाइल असला की टर्र टर्र येतं. रेकॉर्डर हातात धरला की खरखर. चार्जर लावून रेकॉर्ड केलं तर खालून सतत घूं. पंख्याखाली बसलं की वारा माइकवर फुंकतो. चारही दोष मी काढले. मॅडम म्हणाल्या, हा मुलगा फार बारीक काततो.

स्वराज दिवसभर कानात इअरफोन घालून असतो. बसमध्ये, जेवताना, झोपतानाही. ओठ हलत असतात. गाणी का, विचारलं तर हसला.

९ डिसेंबर, मंगळवार

बागवानपुऱ्यात सुरय्याआपांकडे गेलो होतो. त्यांचं आयुष्य फुलांच्या धंद्यात गेलं. रेकॉर्डर जाड रुमालावर ठेवला, मोबाइल बंद केला, फ्रीजची पिन काढली. मग मी लग्नाचं विचारलं, सासरचं विचारलं, पहिल्या दुकानाचं विचारलं. आपा मध्येच थांबल्या. म्हणाल्या, बेटा, तू काही विचारत का नाहीस? मुक्या पोराला पाठवलं की काय मोहिनीने?

मला वाटलं, थट्टा करतात.

ऑफिसात ऐकलं. आपांचा आवाज काचेसारखा स्वच्छ. माझा एकही प्रश्न नाही. प्रश्नांच्या जागी नुसती खरखर. माइकची दिशा चुकली असणार.

११ डिसेंबर, गुरुवार

दिशा चुकली नव्हती. नवीन सेल घातले. कार्ड बदललं. दुसरा रेकॉर्डर घेतला. शेवटी गोधडीत डोकं घालून एकटाच बोललो. बाहेर जाणारी रिक्षा आली, माझा श्वास आला. बोलणं नाही आलं. खरखर आली.

खालच्या चहावाल्याला तीनदा चहा मागितला. तो माझ्याकडे बघत होता, दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाला, याला काय झालंय, नुसतं तोंड हलवतोय. स्वराज मागून आला आणि म्हणाला, दोन कटिंग. त्याला लगेच ऐकू गेलं. स्वराजचा घसा बराच सुटलाय. पत्रा वाटत नाही आता.

वर ऑफिसात आलो. स्वराज काहीतरी बोलत होता, तर आतून मॅडमनी हाक मारली, दिनेश, ती फाइल पाठव. मी उठलो. पण ती हाक त्यांनी स्वराजचं बोलणं ऐकून मारली होती.

१३ डिसेंबर, शनिवार

स्वराज जेवायला गेला तेव्हा त्याच्या कॉम्प्युटरवर बसलो. शांततेचा तुकडा म्हणून कुठल्या खोलीचा आवाज लावलाय ते पाहिलं. कुठल्याच खोलीचा नाही. मी वाचलेला पेपर आहे. कांद्याच्या भावासकट. दोन तारखेपासून कॉम्प्युटर प्रत्येक रेकॉर्डिंगमधून माझाच आवाज काढतोय. नको असलेला आवाज म्हणून.

खाली एक खूण असते. ती केली की उरलेलं नाही, काढलेलं ऐकू येतं. मी ती केली.

मी होतो. आपांना विचारलेले सगळे प्रश्न होते. त्याच्यापुढे चहावाल्याकडे मागितलेला चहा. तिथे रेकॉर्डर नव्हता. त्याच्यापुढे परवा खोलीतून फोनवर मायला म्हणालेलो, माय, थंडी फार आहे, शेकोटीजवळ जपून बस. तेव्हा ती नुसती हॅलो हॅलो करत होती, मला वाटलं लाइन खराब. तिथेही रेकॉर्डर नव्हता.

स्वराजचे इअरफोन टेबलावर पडले होते. कानाला लावले. त्यातही मीच. तोच पेपर. एक वाक्य माझं, मग तेवढी मोकळी जागा. कोणीतरी मागून म्हणावं म्हणून ठेवलेली.

१४ डिसेंबर, रविवार

नमुना पुसला. काल संध्याकाळी, सगळ्यांदेखत. उपयोग नाही. स्वराजने खिशातून पेनड्राइव्ह काढून दाखवला आणि परत ठेवला.

मी त्याची कॉलर धरली. जेवढं ओरडता येईल तेवढं ओरडलो. मॅडम दोन हातांवर होत्या, त्यांनी मान वर केली नाही. स्वराजने माझा हात सावकाश सोडवला आणि माझ्या आवाजात बोलला. माझ्याच. सटाण्याकडचा हेलही माझा.

म्हणाला, तुमच्या चुलीपुढे मी दहा वर्षं जेवलो दिन्या. एकाच ताटाशेजारी ताट. जेवना का, हे तिने दर वेळी तुला विचारलं. मला विचारलं, पत्रा कोठे वाजला.

मी म्हणालो, ती थट्टा होती. त्याला ऐकू आलं की नाही, माहीत नाही.

याला मी माझ्या ताटातली भाकरी मोडून दिली आहे. याने माझ्यासाठी काम बघितलं, स्टँडवर घ्यायला आला, वळकटी उचलली. ते सगळं याच्यासाठी—

१५ डिसेंबर

मायला फोन लावला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, कोन शे? बोला ना. मग म्हणाली, दिन्याचं काही बरंवाईट तर नाही? रडायला लागली. स्वराजने माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाला, माय, मीच. लाइन खराब होती.

ती लगेच शांत झाली. विचारलं, जेवना का रे?

त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, जेवनू माय.

१६ डिसेंबर

सकाळी उठलो तर स्वराज नाही. त्याची बॅग नाही. माझा स्वेटर नाही. मायने विणलेला, बाहीवर जाड गाठ असलेला. ती बोटांनी ती गाठ चाचपते.

शेजारच्याला लिहून विचारलं. तो म्हणाला, सटाण्याची गाडी धरली त्याने.

मीही निघालो. कंडक्टरने विचारलं कुठे. सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. कागद काढेपर्यंत लोक ओरडायला लागले, वेडा आहे, उतरवा. उतरवलं.

परत खोलीवर. दुसऱ्या गाडीने जाईन. कागदावर आधीच लिहून ठेवलंय, सटाणा. पण माय वाचू शकत नाही. दारात उभा राहून तिला काय— कसं—

संध्याकाळ

शेवटचा फोन लावतोय. लिहीत लिहीतच. एका हातात पेन.

वाजतोय.

उचलला. माय नाही, तो. माझा आवाज. हॅलो, दिनेश बोलतोय.

मागे चूल. भाकरी थापल्याचा आवाज, मी ओळखतो. मी ओरडतोय. माय, तो स्वराज आहे. माय, गाठ चाचपू नको, हात चाचप त्याचे—

भाकरी थांबली. तिला ऐकू आलं. काहीतरी तिला ऐकू आलंय. ती विचारतेय, कोन शे रे दिन्या?

तो म्हणाला, कोनी नही माय. नुसती खरखर शे.

मी आहे. माय, मी