आमच्या डिझेल इंजिनाची तपासणी

२१ नोव्हेंबर १९९३, रविवार
पुण्याच्या 'लघुरेल' कंपनीचं पत्रक आलं. आपल्या लाइनीवर धावणाऱ्या मीटर गेज डिझेल इंजिनाचं हुबेहूब मॉडेल बाजारात येतंय. वीतभर लांब, विजेवर चालणारं. लगेच ऑर्डर टाकली. सोबत चार पानी सूचना जोडल्या. परभणीत रेल्वेतलं कळणारा माणूस एकच आहे, हे कंपनीला वेळेवर कळलेलं बरं.
सुमन म्हणाली, या घोडवयात खेळणं कशाला? खेळणं नव्हे, मॉडेल, असं समजावून सांगितलं. तर म्हणते, 'मंग त्याच्याशी खेळायचं न्हाई का?' एवढ्या वर्षांचा संसार पाण्यात.

२८ नोव्हेंबर
कंपनी तयार रूळही विकते. घेणार नाही. ते पोरासोरांसाठी. जुन्या दाराच्या फळीवर पितळी पट्ट्यांचे रूळ स्वतः टाकणार.
सकाळी स्टेशनावर जाऊन टेप लावला. मीटर गेज म्हणजे दोन रुळांत एक मीटर, असं सगळं जग समजतं. माझ्या टेपवर मीटरच्या वर अर्धी वीत भरलं! या रुळाच्या बाहेरच्या कडेपासून त्या रुळाच्या बाहेरच्या कडेपर्यंत, दोनदा मोजलं. इंग्रजांपासून आजपर्यंत एकाही इंजिनिअरच्या ध्यानात आलं नाही. जलसिंचन ऑफिसातल्या हेडक्लार्कच्या आलं. मी माझंच माप धरणार.
शोध दत्तरावांना सांगितला. शेजारी, हायस्कुलात मास्तर. बोलत नाहीत, पण ऐकतात छान. म्हणाले, 'एकदा कंपनीला इचारून घ्या.' मास्तर तो मास्तरच.

१२ डिसेंबर
इंजिन नाही.
संध्याकाळी ओट्यावर दत्तराव. यंदा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळेल असं वाटतं म्हणाले. मी म्हणालो, वाट पाहणं काय असतं ते मला विचारा, तीन आठवडे झाले. ते हसले. 'आमाला सोळा वर्षं झाली की,' म्हणाले. मी म्हणालो, सोळा वर्षांत माणसाला सवय होऊन जाते, तीन आठवडेच लय जड जातात. पटलं असावं, ते उठून घरी गेले.

२६ डिसेंबर
रोज ऑफिस सुटल्यावर स्टेशनावर जाऊन पार्सल विचारतो. तिथल्या माणसाला माझा चेहरा दिसला की तो आपणहून मान हलवतो. कामात रस नसलेली माणसं.
संक्रांतीला उद्घाटन करायचं ठरवलं. ऑफिसातल्या साहेबांना सपत्नीक बोलावलं. दोन शब्द बोलेन म्हणतो. भाषण झालंय लिहून, वीस पानं.

३ जानेवारी १९९४
आलं! पण कसं? सुमन भाजी आणायला गेली आणि येताना पिशवीत मेथीच्या जुडीखाली इंजिन घेऊन आली. बसस्टँडवर कधीचं येऊन पडलं होतं म्हणे. पावतीवर स्पष्ट 'एस.टी.ने' लिहिलंय म्हणे. रेल्वेचं इंजिन एस.टी.ने येईल, हे कुठल्या सुशिक्षित माणसाच्या डोक्यात येणार?
सुमनने खोक्यावरची माती पदराने पुसून ते माझ्या हातात दिलं. मेथीचा वास अजून जात नाही.

५ जानेवारी
तपासणी सुरू. भिंग, फूटपट्टी, दोऱ्याची गुंडी. रजा टाकली.
सामान्य माणूस इंजिन आधी चालवून बघतो. जाणकार आधी तपासतो. रंग ठीक. जाळ्या बऱ्या. हॉर्न जरा पुढे हवा होता. ड्रायव्हरच्या खिडकीची काच फार स्वच्छ, आपल्याकडे अशी काच असते का? ड्रायव्हरच नाही, ही तर कंपनीची लबाडी. चाकांमधलं अंतर मात्र बघायचं राहिलं, कारण माझं माप मला पाठ आहे.
कंपनीला दोषांची यादी पाठवली. सल्लागार म्हणून बोलावलं तर जायचं की नाही, याचा विचार करतोय. पुण्याची हवा सुमनला मानवणार नाही.

१३ जानेवारी
मेहुणा भुजंग जिंतूरहून आला. उद्या एस.टी.चा भरवसा नाही, नामांतराचं काहीतरी होणार, बंदोबस्त लागलाय, म्हणून आजच येऊन बसला. म्हणजे दोन वेळचं जेवण जास्त.
इंजिन बघून म्हणतो, 'दाजी, एकदा पटरीवर बसवून तर बघा की!' जिंतूरला रेल्वे नाही. या माणसाच्या गावात आजवर शिट्टी वाजलेली नाही आणि हा मला पटरी शिकवणार. उद्घाटनाआधी इंजिन रुळाला लावणं हा अपशकुन असतो, असं सांगून गप्प केलं. सुमन हसली. बहीणभाऊ सारखेच.

१४ जानेवारी, संक्रांत
(सकाळी) सुमनचं हळदीकुंकू आजच. बाहेरच्या खोलीत फळी आहे, म्हणून बायकांना मागच्या दाराने आत घ्यायला सांगितलं. तिने बायकांनाच नको म्हणून कळवलं. समजूतदारपणा उशिरा का होईना आला.

(संध्याकाळी) साहेब आले. बाई आल्या नाहीत. दत्तराव आले नाहीत! शेजारी त्यांच्या दारापुढे एकाएकी हलग्या, फटाके, जयभीमच्या घोषणा. नामांतर झालं म्हणे. साहेबांना आधी वाटलं फटाके माझ्या कार्यक्रमाचे. मी खुलासा केला नाही.
भाषण सुरू केलं. तिसऱ्या पानावर साहेबांनी घड्याळ बघितलं. सातव्यावर भुजंग पेंगला. मग इंजिनावर झाकलेली दस्ती बाजूला केली आणि ते रुळावर ठेवलं. ते रुळांच्या मधे पडलं. पुन्हा ठेवलं. पुन्हा मधेच. एक बाजू रुळावर धरावी तर दुसरी खाली. भुजंग जागा झाला आणि म्हणाला, 'दाजी, पटरी रुंद झाली.' मी म्हणालो, चाकं अरुंद आहेत. साहेब म्हणाले, काही हरकत नाही, ठेवलेलं सुद्धा छान दिसतं. तिळगूळ घेऊन गेले.
सोळा वर्षं थांबलेली माणसं, एक संध्याकाळ थांबली असती तर दत्तरावांना माझी ही फजिती... कार्यक्रम बघता आला असता.

१५ जानेवारी
दत्तराव पहाटेच औरंगाबादला गेले, विद्यापीठाच्या गेटवर. निरोपसुद्धा नाही.
कंपनीची चूक दुरुस्त करायला बसलो. दोन पकडींनी चाकं थोडी बाहेर ओढायची, एवढंच. भुजंग म्हणाला, ओढू नका. ओढली. पुढचा आस मोडला. पितळ हलकं वापरलंय.
भुजंग मिळेल त्या पहिल्या गाडीने गेला. तोंड लपवून हसत होता.

१६ जानेवारी
पुरावा म्हणून पुन्हा टेप घेऊन स्टेशनावर. तिथे एक जाहिरात लागली आहे, लाइन ब्रॉडगेज होणार. खाली कंसात मापाचा खुलासा: रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर.
आतल्या.
टेप आतून लावला. मीटर भरला, एक केसभर इकडे नाही की तिकडे.
माप आतून घ्यायचं तर तसं रुळावर लिहायला नको? लोकांनी समजायचं कसं? सुमनला काही सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

१९ जानेवारी
दत्तराव आले. आवाज बसलेला, डोळे सुजलेले, हातात पेढ्यांचा डबा. उद्घाटनाला न आल्याची माफी म्हणून आणला असावा. मोठ्या मनाने डबा घेतला. मोडकं इंजिन त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळी हकिगत सांगितली, आतल्या मापाचा भाग सोडून.
दत्तराव इंजिनाकडे बघत बसले. मग म्हणाले, 'गेटवर नाव बघितलं, दिनकरराव. वडील पाह्यजे होते.' आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, असं मनाला लावून घेऊ नका, आस पाठवतोय पुण्याला, होईल दुरुस्त. माझ्या इंजिनासाठी या गावात रडणारा एक तरी माणूस आहे, हे बघून बरं वाटलं.
ते गेल्यावर सुमनला तसं म्हणालो. तिने पेढ्यांचा डबा माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाली, अठ्ठ्याहत्तरात नामांतराच्या दंगलीत त्यांचं गावाकडचं घर जाळलं. म्हातारा वासरू सोडवायला आत गेला, तो भाजला. दोन महिने दवाखान्यात होता, मग गेला. सत्यशीलाबाई, म्हणजे दत्तरावांची बायको, तिने कधीच सांगितलंय.
मी म्हणालो, एवढी वर्षं शेजारी राहतो, मला कसं कुणी बोललं नाही?
'तुमी इचारलं कधी?'

२० जानेवारी
ऑफिसात लक्ष लागलं नाही.
पेढ्यांचा डबा रिकामा परत देऊ नये म्हणून सुमनने त्यात तिळगूळ भरला आणि म्हणाली, तुमीच जा. जाताना वाक्य ठरवून गेलो. वडिलांबद्दल विचारायचं. नाव काय होतं, काय करत होते. आणि नामांतराचं अभिनंदन. सोपी दोन वाक्यं.
दत्तराव दारातच होते. मला बघून उठले, खुर्ची दिली. सत्यशीलाबाईंनी चहा टाकला. भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी एका म्हाताऱ्याचा फोटो होता, पटका बांधलेला. इतक्या वेळा त्या खोलीत बसलो, तो फोटो आजच बघितला.
मी तोंड उघडणार तेवढ्यात दत्तराव म्हणाले, 'काय, आस पाठवला का पुण्याला?'
मग मी आस सांगितला. पितळ सांगितलं. कंपनीची लबाडी सांगितली. मीटर गेज, ब्रॉडगेज, आतलं माप, बाहेरचं माप, सगळं सांगितलं. ते ऐकत होते. चहा झाला, दिवे लागले. येतो म्हणालो आणि आलो.
घरात शिरलो तर सुमनने माझ्या हाताकडे बघितलं. डबा हातातच होता, तिळगुळासकट.